दशांश किती, कुठं आणि कसा द्यावा: ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळीत नव्यानं आलेल्यांसाठी

गावाकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, दान देणं सोपं असतं. सुगी झाली की ज्वारी-बाजरीची पाटी चर्चमध्ये नेऊन ठेवायची, रविवारी थैलीत दहा-वीस रुपये टाकायचे. खजिनदार ओळखीचा, बहुतेक नात्यातलाच. नोकरीसाठी ठाण्याला, ऐरोलीला किंवा खारघरला आलं की सगळं बदलतं. उपासना शाळेच्या हॉलमध्ये, दारात क्यूआर कोड, हातात छापील पाकीट आणि जाहिरातींच्या वेळी ‘बिल्डिंग फंड’, ‘मिशन फंड’, ‘उपकारस्तुती’ अशी एकामागून एक नावं. विचारायचा संकोच वाटतो आणि मग दोनपैकी एक होतं. काही जण भावनेच्या भरात झेपणार नाही एवढं देऊन बसतात. बाकीचे वर्षानुवर्षं खिशात हात घालून जी नोट लागेल ती टाकत राहतात.

पवित्र शास्त्र (बायबल) विश्वासणाऱ्याला कारभारी म्हणतं. कारभाऱ्याच्या हातातला पैसा धन्याचा असतो, म्हणून त्याला हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब दोन वह्यांत असतो, एक तुमच्या घरातली आणि दुसरी मंडळीची. दोन्ही वह्या उघड्या आणि नीट असल्या की देणं आनंदाचं होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन वह्यांसाठीच आहेत.

काय काय हाताशी हवं

- एक साधी दोनशे पानी वही, किंवा मोबाइलवर तक्ता
- मागच्या तीन महिन्यांचं बँक पासबुक किंवा स्टेटमेंट, पगाराची स्लिप
- कर्जांच्या हप्त्यांची यादी, शेवटच्या हप्त्याच्या तारखेसह
- पॅन कार्ड (करसवलतीच्या पावतीसाठीच लागतं)
- आधीच्या मंडळीचं सभासद बदलीचं पत्र
- पावत्यांसाठी एक फाइल

बदलीचं पत्र गाव सोडतानाच पाळकांकडून घ्या. ते नसेल तर नव्या मंडळीत तुमचं नाव यादीवर येत नाही, पाकिटाचा नंबर मिळत नाही आणि वार्षिक सभेत मतही देता येत नाही. वर्ष-दीड वर्ष ‘पाहुणे’ म्हणून काढणारी कितीतरी कुटुंबं केवळ या एका कागदापायी अडकलेली असतात.

१. आधी शब्द समजून घ्या

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. अर्पण म्हणजे उपासनेत थैली फिरते तेव्हा द्यायचं ते. उपकारस्तुतीचं अर्पण वाढदिवस, बाळाचा जन्म, नवी नोकरी, आजारातून उठणं अशा निमित्तानं वेगळ्या पाकिटात देतात. वर्गणी म्हणजे सभासदत्वाची ठरलेली मासिक रक्कम. बऱ्याच जुन्या मंडळ्यांत वर्गणी थकली की सभासद ‘बाकीदार’ होतो, म्हणून नियम काय आहे ते सचिवांना पहिल्याच महिन्यात विचारा. विशेष निधी म्हणजे एकाच कामासाठी गोळा केलेला पैसा.

कॅथलिक धर्मग्रामात याची मांडणी थोडी निराळी असते. मिस्सेतलं दान, एखाद्या हेतूसाठी मिस्सा सांगताना दिलेली ठरावीक रक्कम, दानपेटी आणि खास रविवारचं कलेक्शन असे भाग असतात. दशांशाची सक्ती नसते, मात्र चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य असल्याचं कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) २२२ व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. पैसे नाहीत म्हणून गरजूंना संस्कारांपासून वंचित ठेवू नये, हेही त्याच कायद्यात (कलम ८४८) आहे.

दशांशाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जुन्या करारात दशांश एकाच प्रकारचा नव्हता. लेव्यांसाठीचा, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशासाठीचा, दशांश गणना १८ मध्ये आहे. सणाला परमेश्वरासमोर कुटुंबासह बसून खायचा दशांश अनुवाद १४ मध्ये आहे. दर तिसऱ्या वर्षी गावातच साठवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा दशांशही त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. म्हणजे देण्यात उपासना होती, सेवकांचा निर्वाह होता आणि गरिबाचा हक्कही होता. ‘सगळा दशांश भांडारात आणा’ हे मलाखी ३:१० दर वर्षी वाचलं जातं, पण त्याच अध्यायात मजुराची मजुरी अडवणाऱ्यांना आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांना दिलेला इशारा (३:५) क्वचितच वाचला जातो. दोन्ही वाचावं.

नव्या करारात टक्का दिलेला नाही. १ करिंथ १६:२ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याला जशी प्राप्ती झाली तसं बाजूला काढून ठेवायला सांगितलं आहे. २ करिंथ ८:१२ प्रमाणे, जे आहे त्या मानानं दिलेलं मान्य होतं, जे नाही त्या मानानं नव्हे. पुढच्या पायरीचा सगळा हिशेब या दोन वचनांवर उभा आहे.

२. घराची वही लिहा, मग आकडा ठरवा

तीन महिन्यांचा खर्च लिहिल्याशिवाय आकडा ठरवू नका. एक उदाहरण घेऊ. कळव्यात भाड्यानं राहणारं चौघांचं कुटुंब, हातात येणारा पगार ३८,५०० रुपये. भाडं १२,०००, गावी आई-वडिलांना ५,०००, कर्जाचा हप्ता ६,२००, किराणा-गॅस-वीज ८,५००, मुलांची शाळा २,८००, प्रवास १,२००. बेरीज ३५,७००. उरतात २,८००.

दशांश होतो ३,८५०. म्हणजे पहिल्याच महिन्यात १,०५० रुपये कमी पडतात. इथं लोक तीन चुका करतात. पहिली, क्रेडिट कार्डावर किराणा भरून दशांश देतात आणि सहा महिन्यांत व्याजात अडकतात. दुसरी, गावचे ५,००० थांबवतात. ‘कुर्बान’ म्हणून आई-वडिलांचा वाटा देवाला दिल्याचं सांगणाऱ्यांना प्रभूनं मार्क ७ मध्ये फटकारलं आहे, तेव्हा हा मार्ग बंदच समजा. तिसरी चूक म्हणजे, दहावा भाग जमत नाही म्हणून काहीच ठरवायचं नाही.

त्यापेक्षा ४ टक्क्यांनी सुरुवात करा, म्हणजे १,५४० रुपये. अडीअडचणीला १,२६० उरतात. कर्जाचा शेवटचा हप्ता चौदा महिन्यांनी असेल तर त्या महिन्यापुढं वहीत आजच लिहून ठेवा: ‘या महिन्यापासून ३,८५०.’ हप्त्याचे ६,२०० मोकळे होतील, त्यातले २,३१० इकडं वळवायचे. पगारवाढीच्या महिन्यापुढंही असंच लिहा. आधी लिहिलं नाही तर वाढलेला पगार नव्या फ्रिजकडं जातो, हे प्रत्येक घरात घडतं.

ढोबळ पगारावर काढायचा की हातात येणाऱ्यावर? शास्त्रात पीएफचा उल्लेख नाही, त्यामुळं यावर वाद घालत बसू नये. हातात येणाऱ्या रकमेवर काढणं सोपं पडतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळेल तेव्हा त्यावर वेगळा वाटा काढा.

ज्यांचं उत्पन्न रोजचं आहे त्यांनी गल्ल्यावर दशांश काढू नये, कमाईवर काढावा. रिक्षाचा दिवसाचा गल्ला १,५००, त्यातून सीएनजी ३५०, गाडीचा हप्ता ३५०, दुरुस्तीची तजवीज ५०. कमाई ७५०, दशांश ७५. हे ७५ रुपये त्याच रात्री वेगळ्या डब्यात टाका. शिवणकाम, डबे, मासळी, ट्यूशन या सगळ्यांना हीच रीत लागू पडते. महिनाअखेर एकदम काढायचा म्हटलं तर भांडवल आणि कमाई यांची सरमिसळ झालेली असते आणि आकडा अंदाजानं टाकला जातो.

आकडा नवरा-बायकोनं मिळून ठरवायचा. एकानं परस्पर दिलेल्या दानावरून घरात भांडणं होतात आणि मग चर्चचं नावच काढायला नको होतं. जोडीदार ख्रिस्ती विश्वासातला नसेल तर घरखर्चाच्या पैशाला हात न लावता, स्वतःच्या हातखर्चातूनच द्या.

३. बाजूला काढण्याचा दिवस ठरवा

पगार जमा होतो त्या दिवशी, भाडं जाण्याच्याही आधी, रक्कम वेगळी करा. त्यासाठी दुसरं बचत खातं असलं तर उत्तम, नाहीतर कपाटात पाकीट. हा पैसा उसना म्हणूनही वापरायचा नाही. ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून काढलेला दशांश परत आल्याचं सहसा दिसत नाही.

या खात्यात जमलेला सगळा पैसा चर्चलाच द्यायचा असंही नाही. साधारण तीन-चतुर्थांश आपल्या मंडळीला आणि उरलेला चौथा भाग अचानक समोर येणाऱ्या गरजेसाठी, अशी विभागणी चांगली चालते. शेजारच्या घरातलं आजारपण, गावातल्या मुलीची फी अशा वेळी मग खिसा चाचपावा लागत नाही. तिसऱ्या वर्षीच्या दशांशातल्या विधवा-अनाथांची आठवण इथं ठेवावी.

गावच्या मंडळीलाही द्यायचं असेल तर तेही आधीच वहीत वेगळं लिहा. पण ज्या मंडळीत दर रविवारी बसता, मुलं संडेस्कूलला जातात, आजारपणात जिथले पाळक घरी येतात, तिचा वाटा मोठा असावा. नवी मुंबईतल्या बऱ्याच मंडळ्या हॉलच्या भाड्यानंच मेटाकुटीला येतात. गावचं चर्च निदान स्वतःच्या जागेत तरी असतं.

४. मंडळीचे कागद पाहा

यात अविश्वास नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषिताला जे गरजेचं वाटलं ते आपल्या खजिनदाराला कमीपणाचं वाटायचं कारण नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक धर्मादाय संस्थांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते. सचिवांकडं नम्रपणे चार गोष्टी विचारा:

- ट्रस्टचं नोंदणीकृत नाव आणि नोंदणी क्रमांक
- बँक खातं कुणाच्या नावावर आहे, सह्या किती जणांच्या लागतात
- मागच्या ३१ मार्चचा ताळेबंद आणि ऑडिट अहवाल
- वार्षिक सभा कधी असते

नोंदणी कुठल्या कार्यालयात आहे यावरून नवी मुंबईत हमखास गोंधळ होतो. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, त्यामुळं तिथल्या ट्रस्टची नोंद ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात सापडते. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे हा भाग रायगड जिल्ह्यात, म्हणून त्यांच्यासाठी अलिबाग. आणि मंडळी डायोसिसची (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताची) किंवा एखाद्या जुन्या मिशनची असेल तर मालमत्तेचा ट्रस्ट बहुतेक मुंबईत नोंदलेला असतो. ठाण्यात नाव सापडलं नाही म्हणून ‘ही नोंदणीच नाही’ असा बोभाटा करू नका, आधी कार्यालय बरोबर आहे का ते पाहा. विश्वस्तांची सध्याची नावं पीटीआरच्या (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्ट नोंदवहीच्या) उताऱ्यात मिळतात. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, पण पुष्कळ ठिकाणी तो वर्षानुवर्षं रखडतो. उताऱ्यात जुनी नावं दिसली तर लगेच लबाडीचा संशय धरू नका. ‘बदल अर्ज दाखल केला आहे का?’ एवढं विचारा.

घरात जमणारी वीस-पंचवीस जणांची नवी सहभागिता असेल तर तिचा ट्रस्ट नसेलही. तिथं निदान तीन गोष्टी असाव्यात: पाळकांच्या खात्यापासून वेगळं खातं, दोन माणसांच्या सह्या आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचलेला जमाखर्च. यातली एकही नसेल तर पाळकांच्या निर्वाहाला प्रेमानं हातभार लावा, पण जागा घेण्यासाठी मोठी रक्कम देऊ नका.

५. प्रत्यक्ष देणं

*पाकीट.* मासिक पाकिटावर साधारण पाच रकाने असतात: नाव, सभासद क्रमांक, महिना, रक्कम आणि कशासाठी. शेवटचा रकाना लोक कोरा सोडतात. मग मोजणाऱ्यांना वाटतं हे साधं अर्पण, आणि तुमचे बिल्डिंग फंडाचे दोन हजार विजेच्या बिलात जातात. एका पाकिटात दोन कामांचे पैसे असतील तर फोड लिहा: ‘दशांश १,५४०, उपकारस्तुती ५००, एकूण २,०४०.’ पाकीट शनिवारी रात्रीच भरून पवित्र शास्त्रात ठेवा. थैली समोर आल्यावर सुटे शोधू नयेत.

*यूपीआय.* पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. तिथं ट्रस्टचं किंवा मंडळीचं नाव हवं. दारावरच्या क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याची फसवणूक दुकानांत होते, तशी चर्चच्या दारातही होऊ शकते. खाजगी नाव दिसलं तर थांबा आणि खजिनदारांना दाखवा. शेऱ्याच्या जागी ‘दशांश’, महिना आणि सभासद क्रमांक लिहा. ‘प्रेझ द लॉर्ड’ लिहून पाठवलेल्या रकमेची पावती कुणाच्या नावे फाडायची हे खजिनदाराला कळत नाही.

*चेक.* ट्रस्टचं पूर्ण नाव, डाव्या कोपऱ्यात दोन रेघा आणि ‘अकाउंट पेयी’. ‘मंडळीचं नाव मी नंतर घालतो’ म्हणून कुणीही कोरा चेक मागितला तर देऊ नका.

*रोख.* मोठी रक्कम रोखीनं देऊ नका. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्यानं बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या मंडळीला बसतो.

*वस्तू.* कापणीच्या सणाला भोपळा, तांदूळ, अंडी, केक असं आणून उपासनेनंतर लिलाव होतो. बोली लावली की पैसे त्याच दिवशी टेबलावर भरा. उत्साहात पाचशेला घेतलेल्या नारळाचे पैसे महिनोन्‌महिने येणं राहतात आणि खजिनदाराला ते मागताना लाज वाटते. गरजूंसाठी धान्य द्यायचं तर घरी खाता तोच तांदूळ आणि तारखेच्या आतली डाळ द्या.

६. थैली रिकामी होते तेव्हा: मोजणी कशी असावी

हा भाग नव्या सभासदाला दिसत नाही, पण मंडळीची तब्येत इथंच कळते. कधीतरी तुम्हालाही मोजणीला बसवतील, म्हणून नीट समजून घ्या.

आशीर्वाद झाल्यावर थैल्या सरळ खोलीत जातात, कुणाच्या घरी नाही. टेबलाशी दोन माणसं, आणि ती एकमेकांच्या नात्यातली नसावीत. नवरा-बायको किंवा बाप-लेक बसले तर दोन सह्या असूनही डोळे एकाच घरचे. पाळक मोजणीला बसत नाहीत, हे त्यांच्याच भल्याचं. थैली उलटी करून शिवणीत बोटं फिरवायची, कारण दहाची घडी घातलेली नोट कोपऱ्यात अडकते. आधी पाकिटं आणि सुटे पैसे वेगळे करायचे. पाकीट फोडलं की आतली रक्कम आणि बाहेर लिहिलेला आकडा ताडून पाहायचा. फरक आला तर पाकिटावरच लाल पेनानं खरी रक्कम लिहून दोघांनी सही करायची आणि त्या आठवड्यातच त्या सभासदाला खाजगीत कळवायचं.

मग नोटांचा तक्ता: ५०० च्या किती, २०० च्या किती, १००, ५०, २०, १० आणि नाणी. नोटांवर रबर लावण्याआधी दुसऱ्यानं पुन्हा मोजायचं. बेरीज, तारीख, दोघांच्या सह्या, आणि तक्त्याची एक प्रत वहीला चिकटवायची. सोमवारी ही पूर्ण रक्कम बँकेत भरली गेली पाहिजे. ‘हॉलचं भाडं यातूनच देऊन टाकलं, उरलेले भरले’ ही सवय दिसली तर तिथंच थांबवा. त्यात चोरी नसते, पण भरणा आणि मोजणी कधीच जुळत नाहीत, आणि पुढं खरोखर कमी पडलं तर कळायला मार्ग उरत नाही. खर्च बँकेतून काढून, बिल घेऊन करायचा.

७. पावती आणि करसवलत

पावतीवर ट्रस्टचं नाव, नोंदणी क्रमांक, पावती क्रमांक, तारीख, तुमचं नाव, आकड्यात आणि अक्षरात रक्कम, कशासाठी आणि सही एवढं हवं. थैलीत टाकलेल्या सुट्या अर्पणाची पावती मिळत नाही, तशी अपेक्षाही नसावी.

करसवलतीबाबत मात्र मोठा गैरसमज आहे. चर्चची पावती आहे म्हणून ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळेलच असं नाही. एका विशिष्ट धर्मसमुदायासाठी चालणाऱ्या संस्थेला ही सवलत सहसा लागू होत नाही. त्यामुळं उपासना, पाळकांचं मानधन, प्रार्थनास्थळ यासाठीचं तुमचं दान करपात्र उत्पन्नातून सहसा वजा होत नाही. चर्चशी जोडलेला दवाखाना, वसतिगृह किंवा समाजसेवेचा वेगळा ट्रस्ट असेल आणि त्याला ८०जीची मान्यता असेल, तर त्याला दिलेल्या देणगीवर सवलत मिळू शकते. तिथंही रोख २,००० रुपयांपर्यंतच धरली जाते, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यातला फॉर्म १०बीई) घ्यावं लागतं, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट नाहीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा विवरणपत्र भरताना सीएला विचारा.

मार्चच्या शेवटी ‘जरा मागच्या तारखेची पावती द्या’ असं खजिनदाराला कधीही म्हणू नका.

८. विशेष निधी: प्रश्न विचारूनच द्या

ठाण्यातलं सेंट जेम्स चर्च १८२५ सालचं. एवढ्या जुन्या वास्तूला गळती, लाकूड, कौलं यांचा खर्च सतत असतो. नव्या नोडमधल्या (वसाहतीतल्या) मंडळीची गरज निराळी, तिला डोक्यावर छप्परच हवं असतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीच्या भूखंडाची रक्कम, नकाशे, बांधकाम अशी दहा-दहा वर्षं चालणारी कामं असतात. अशा निधीला वचन देण्याआधी विचारा: एकूण खर्च किती, आजवर किती जमले, पैसे वेगळ्या खात्यात आहेत का, आणि काम झालंच नाही तर त्यांचं काय होणार. ठरावीक हेतूनं दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरायचं, असं कॅथलिक चर्चच्या कॅनन लॉमध्ये (कलम १२६७) लिहिलेलं आहे, आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही हाच नियम पाळावा.

वचनाचा आकडा उभं राहून जाहीर करायला सांगितलं तर ‘घरी विचारून पुढच्या रविवारी चिठ्ठी देतो’ म्हणा. ठरवलेलं वचन महिन्याच्या हप्त्यात मोडून वहीत घाला.

परदेशातल्या नातेवाइकांकडून निधी आणताना फार जपा. आखाती देशात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी पाठवू शकतो, ती परकीय देणगी ठरत नाही. पण अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलेला मामा कायद्यानं परकीय ठरतो. त्याचे पैसे घ्यायला मंडळीच्या ट्रस्टला २०१० च्या एफसीआरए (परकीय देणगी नियमन) कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ते पैसे तुमच्या खात्यात मागवून पुढं चर्चला देणं हा त्यावरचा उपाय नाही. तोही कायद्याचा भंगच आहे.

९. इथं ‘नाही’ म्हणा

‘इतक्या रुपयांचं बी पेरा, सात दिवसांत कर्ज फिटेल.’ मोबाइलवर प्रार्थना करून मग खाते क्रमांक पाठवणारे अनोळखी ‘सेवक’. पाळकांचा फोटो लावलेल्या नव्या नंबरवरून ‘मी दवाखान्यात आहे, तातडीनं पाच हजार पाठवा’ असा मेसेज. अशा वेळी पाळकांच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावा, तो लागेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. भविष्यवाणीसोबत आलेली मागणी, सोनं गहाण ठेवून द्यायला सांगणारी मागणी आणि ‘घरी सांगू नका’ म्हणणारी मागणी या तिन्हींना उत्तर एकच, नाही. प्रभूनं ज्या विधवेच्या दोन नाण्यांची वाखाणणी केली, तिच्या गोष्टीच्या अगदी आधी (मार्क १२:४०) विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना त्यानं दोष दिला आहे. आजारी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांना हे सगळं समजावून सांगण्याचं काम तरुणांनी घ्यावं, कारण असे फोन जास्त करून त्यांनाच येतात.

१०. मृत्युपत्रातून दान

पूर्वी भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या ११८ व्या कलमामुळं जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादायासाठी मालमत्ता ठेवताना मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी करावं लागे. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये ते कलम रद्द केलं. आता अट नेहमीचीच: दोन साक्षीदारांच्या सह्या. ट्रस्टचं नाव नोंदणी क्रमांकासह लिहा, नुसतं ‘आमच्या चर्चला’ लिहिलं तर पुढं दोन ट्रस्ट दावा सांगतात. मुलांना हयातीतच सांगून ठेवा.

११. नोकरी गेली, आजारपण आलं तर

उत्पन्न शून्य तर दशांश शून्य, हा साधा गुणाकार आहे. थकलेला दशांश म्हणून नंतर कर्जासारखा फेडायचा नसतो. वर्गणीचं काय करायचं ते पाळकांना किंवा मंडळीच्या वडीलजनांना (एल्डरना) भेटून सांगा. बहुतेक मंडळ्यांत सूट देण्याची सोय असते, पण ती मागावी लागते. लाजेपायी चर्चला येणं बंद करू नका, मंडळीच्या मदत निधीत तुमचाही पैसा पडलेला आहे. किराणा, औषधं, मुलांची फी यासाठी अर्ज करताना आकडा आणि मुदत स्पष्ट लिहा: ‘दोन महिन्यांचं भाडं, २४,००० रुपये.’ पुन्हा काम लागलं की वही जिथं थांबली होती त्या पानापासून सुरू करा, गरज पडली तर १ टक्क्यानं.

१२. एप्रिलमधली एक संध्याकाळ

वर्षाच्या पावत्या फाइलमधून काढा, वहीतल्या बेरजेशी ताडा. यूपीआयनं दिलेल्या रकमा बँकेच्या स्टेटमेंटवर खुणा करून जुळवा. एखादी पावती आली नसेल तर एप्रिलमध्येच मागा, कारण ऑडिट झाल्यावर खजिनदाराला काही करता येत नाही. पुढच्या वर्षाचा टक्का, गावच्या मंडळीचा वाटा आणि विशेष निधीचे हप्ते नव्या पानावर लिहा. आणि वार्षिक सभेची तारीख कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी जमाखर्चाची छापील प्रत हातात घेऊन बसा आणि न समजलेल्या ओळीवर उभं राहून, नावं न घेता, एक प्रश्न विचारा.